मने घडवायची की पद्धती बदलायच्या? अमेरिकेतील नोकरीच्या जगातल्या वर्णसमतेचा आढावा

२५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये एका पोलिसाने मानेवर गुडघा रोवून धरल्यामुळे जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला. त्यानंतर काही आठवड्यांतच अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांची वर्णद्वेषविरोधी निवेदने निघाली, देणग्या जाहीर झाल्या आणि 'डायव्हर्सिटी, इक्विटी, इन्क्लुजन' म्हणजे डीईआय या नावाने ओळखले जाणारे विभाग उभे राहिले. पाच वर्षे भरण्याआधीच वारे फिरले. नोव्हेंबर २०२४ मध्ये वॉलमार्टने आणि जानेवारी २०२५ मध्ये मेटा व टार्गेटने यातले बरेच कार्यक्रम गुंडाळले. त्याच जानेवारीत कॉस्टकोच्या भागधारकांनी मात्र डीईआयवर शंका घेणारा ठराव ९८ टक्क्यांहून अधिक मतांनी फेटाळला. या चढउतारात दोन्ही बाजूंचा आवाज वाढला आणि ज्याला खरे महत्त्व आहे तो प्रश्न मागे पडला: कामाच्या ठिकाणचा वर्णभेद नेमका कशाने कमी होतो? गेल्या दोन दशकांत या प्रश्नावर बरेच काटेकोर संशोधन झाले आहे. ते एकत्र वाचले की माझ्या मते एक कल स्पष्ट दिसतो. माणसांची मने घडवण्याच्या प्रयत्नांना अपेक्षेइतके यश आलेले नाही. भरती, बढती आणि पगार ठरवण्याची पद्धत जिथे बदलली तिथे फरक अधिक टिकाऊ ठरला. या निष्कर्षाला मर्यादा आहेत, त्यावर गंभीर हरकतीही आहेत. त्यांचा विचार पुढे ओघाने येईलच.

कायद्याची वाट

या इतिहासाची सुरुवात सद्भावनेतून नव्हे, दबावातून झाली. १९४१ साली युद्धसामग्रीच्या कारखान्यांत कृष्णवर्णीयांना घेत नाहीत म्हणून कामगारनेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर प्रचंड मोर्चा नेण्याचा इशारा दिला. मोर्चा निघण्याआधीच, २५ जून रोजी, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी संरक्षण उद्योगातील वर्णभेदाला बंदी करणारा आदेश काढला. पुढे १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातील 'टायटल सेव्हन' या प्रकरणाने वंश, वर्ण, धर्म, लिंग आणि राष्ट्रीय मूळ या पाच कारणांवरून नोकरीत भेद करणे बेकायदा ठरवले. १९६५ मध्ये जॉन्सन यांच्या ११२४६ क्रमांकाच्या आदेशाने सरकारी कंत्राटे घेणाऱ्या कंपन्यांना आपल्या मनुष्यबळाचा हिशेब ठेवणे आणि उणीव भरून काढण्याचे प्रयत्न करणे बंधनकारक केले. आपल्याकडच्या आरक्षणाशी याची गल्लत होते, म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेत राखीव जागा हा मार्ग कधी रुळलाच नाही. विद्यापीठप्रवेशातले कोटे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच, 'बाकी' (Bakke) नावाच्या खटल्यात, अमान्य केले होते. तिथला 'अफर्मेटिव्ह ॲक्शन' म्हणजे प्रामुख्याने उद्दिष्टे, नोंदी आणि प्रयत्नांची सक्ती.

या कायद्याचा खरा अर्थ कळतो तो नॉर्थ कॅरोलिनातल्या डॅन रिव्हर वीज केंद्रात. ड्यूक पॉवर कंपनीच्या या केंद्रात पाच विभाग होते आणि कृष्णवर्णीयांना फक्त 'लेबर' या विभागात काम मिळे. त्या विभागातला सर्वाधिक पगार इतर विभागांतल्या सर्वांत कमी पगारापेक्षाही कमी होता. टायटल सेव्हन २ जुलै १९६५ रोजी अमलात आले आणि त्याच दिवशी कंपनीने चांगल्या विभागांतल्या नेमणुकीसाठी शालान्त प्रमाणपत्राबरोबरच दोन लेखी चाचण्याही लागू केल्या. अटी सर्वांना सारख्याच होत्या. पण आधीपासून कामावर असलेल्या गोऱ्यांपैकी ज्यांच्याकडे असे प्रमाणपत्र नव्हते, तेही आपली कामे नीट करत होते. म्हणजे अटींचा कामाशी संबंध दाखवता येत नव्हता. विभक्त आणि हलक्या शाळांतून आलेले कृष्णवर्णीय कामगार मात्र त्यांत अडकत होते. तेरा कामगार न्यायालयात गेले. १९७१ मध्ये सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी एकमताचा निकाल लिहिला: हेतू वाईट नसला तरी, परिणामाने एका समूहाला बाहेर ठेवणारी आणि कामासाठी आवश्यक नसलेली अट बेकायदा आहे. ग्रिग्ज खटला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या निकालाने 'मनात काय होते' या प्रश्नाच्या जागी 'पद्धतीने काय केले' हा प्रश्न आणला. पुढची सगळी चर्चा या दोन प्रश्नांमध्येच हेलकावे खाते आहे.

भेदभाव आज किती, आणि कुठे

कायदा होऊन साठ वर्षे झाल्यावर भेदभाव उरला आहे का, याचे उत्तर मतचाचण्यांतून मिळत नाही, कारण आपण भेद करतो असे कोणी सांगत नाही. म्हणून संशोधकांनी प्रत्यक्ष प्रयोग केले. मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लाइनाथन यांनी बॉस्टन आणि शिकागोतल्या जाहिरातींना सुमारे पाच हजार काल्पनिक बायोडेटा पाठवले. पात्रता तुल्य होती, फरक नावाचा: काहींवर एमिली किंवा ग्रेग, काहींवर लकिशा किंवा जमाल. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, गोऱ्यांची वाटणारी नावे असलेल्या अर्जांना सुमारे ५० टक्के अधिक प्रतिसाद मिळाला. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी हीच रीत भारतातल्या खासगी कंपन्यांवर वापरली. २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आलेल्या त्यांच्या अभ्यासात दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना उच्चवर्णीय हिंदू नावांच्या तुलनेत मुलाखतीचे बोलावणे मिळण्याची शक्यता स्पष्टपणे कमी आढळली.

यावर एक रास्त आक्षेप आहे. जमाल हे नाव ऐकून मालक वर्ण ओळखतो की गरिबी? नावातून दोन्ही सूचित होत असतील, तर निष्कर्ष डळमळतो. त्याचे बरेचसे उत्तर डिव्हा पेजर यांच्या मिलवॉकीतल्या प्रयोगात आहे. तिथे कागद नव्हे, माणसे गेली: सारखे शिक्षण, सारखा पोशाख, सारखे बोलणे असलेले तरुण. तुरुंगवासाची नोंद सांगणाऱ्या गोऱ्या उमेदवारांपैकी १७ टक्क्यांना पुढचे बोलावणे आले; कोणतीही नोंद नसलेल्या कृष्णवर्णीयांपैकी १४ टक्क्यांना. २००३ मधले हे आकडे आजही वाचवत नाहीत. लिंकन क्विलियन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये १९८९ पासूनच्या अशा प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा पंचवीस वर्षांत कृष्णवर्णीयांविरुद्धचा भेद कमी झाल्याचा पुरावा सापडला नाही.

मात्र सर्वांत उपयोगी माहिती २०२२ च्या एका अभ्यासातून आली. पॅट्रिक क्लाइन, इव्हान रोझ आणि ख्रिस्तोफर वॉल्टर्स यांनी अमेरिकेतल्या १०८ बड्या कंपन्यांना सुमारे ८३ हजार अर्ज पाठवले. एकूण सरासरी तफावत होती २.१ टक्केबिंदूंची, पण ती सगळीकडे सारखी पसरलेली नव्हती. सर्वाधिक भेद करणाऱ्या एक पंचमांश कंपन्यांकडे कृष्णवर्णीयांच्या हुकलेल्या बोलावण्यांपैकी जवळपास निम्म्याचा दोष जात होता. ज्या कंपन्यांत भरतीचे निर्णय एका केंद्रातून होतात, जिथे सरकारी कंत्राटाची बंधने आहेत, जिथे नफा जास्त आहे, तिथे तफावत कमी होती. यातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे येते. एकाच देशात, एकाच संस्कृतीत वाढलेली माणसे या सगळ्या कंपन्यांत काम करतात. तरीही कंपनीगणिक वर्तन इतके बदलत असेल, तर केवळ मनातला पूर्वग्रह हे त्याचे पुरेसे स्पष्टीकरण होत नाही. तो पूर्वग्रह निर्णयापर्यंत पोहोचू देणारी किंवा अडवणारी एखादी यंत्रणा मध्ये आहे.

मनांवर केलेली मेहनत

तरीही कंपन्यांचा भर राहिला तो मनांवर. १९९८ मध्ये अँथनी ग्रीनवाल्ड, सिकंदराबादमध्ये जन्मलेल्या महझरीन बानाजी आणि सहकाऱ्यांनी नकळत बाळगलेले पूर्वग्रह मोजणारी संगणकीय चाचणी मांडली. तिची कल्पना समजायला सोपी होती आणि कोणावर थेट ठपका ठेवणारी नव्हती. त्यामुळे ती प्रशिक्षणवर्गांत झपाट्याने पसरली. २०१८ मध्ये फिलाडेल्फियातल्या स्टारबक्समध्ये एका व्यावसायिक भेटीसाठी वाट पाहत बसलेल्या दोन कृष्णवर्णीय तरुणांना पोलिसांनी अटक केली, तेव्हा कंपनीने एका दुपारी देशातली आठ हजारांहून अधिक दुकाने बंद ठेवून कर्मचाऱ्यांना असेच प्रशिक्षण दिले. त्यामागचा विचार चुकीचा म्हणता येणार नाही. माणसाला आपला दोष दिसला तर तो सुधारेल, ही अपेक्षा स्वाभाविक आहे.

पण पुरावा या अपेक्षेच्या बाजूने उभा राहत नाही. कॅल्विन लाय आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये पूर्वग्रह कमी करण्याचे नऊ उपाय सहा हजारांहून अधिक जणांवर तपासले. नऊही उपायांचा तत्काळ परिणाम दिसला. काही तासांनी किंवा दिवसांनी एकाचाही उरला नाही. एका जागतिक कंपनीतल्या सुमारे तीन हजार कर्मचाऱ्यांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, तासाभराच्या ऑनलाइन प्रशिक्षणाने काहींची मते थोडी सरकली, वर्तन फारसे नाही. फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव यांचे निरीक्षण तर अधिक अस्वस्थ करणारे आहे. प्रशिक्षण सक्तीचे केलेल्या कंपन्यांत पाच वर्षांनंतर व्यवस्थापक पदांवरील कृष्णवर्णीय स्त्रियांचे प्रमाण वाढण्याऐवजी सरासरीने घटलेले आढळले. सक्तीने माणसे चिडतात आणि 'आपण प्रशिक्षण दिले आहे' एवढ्या समाधानावर संस्था थांबते, असा त्यांचा अर्थ आहे.

प्रशिक्षणाची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. त्यांच्या मते तपासले गेले ते बहुतेक तोकडे, एकवेळचे, कायदेशीर बचावासाठी उरकलेले वर्ग. दीर्घकाळ चालणाऱ्या, ऐच्छिक आणि कामाशी जोडलेल्या प्रशिक्षणाला न्याय मिळालेला नाही. ऐच्छिक वर्गांचे परिणाम बरे असल्याचे डॉबिन आणि कालेवही मान्य करतात. अशा वर्गांत काय शिकवावे, यावरही वाद आहे. प्रशिक्षक रॉबिन डिअँजेलो यांनी २०१८ च्या 'व्हाइट फ्रॅजिलिटी' या पुस्तकात गोऱ्या माणसांनी वर्णाच्या चर्चेतला अस्वस्थपणा टाळू नये, असा आग्रह धरला. भाषातज्ज्ञ जॉन मॅक्व्होर्टर हे स्वतः कृष्णवर्णीय विचारवंत. त्यांनी या मांडणीवर टीका करताना म्हटले की यात कृष्णवर्णीयांना सतत जपण्याची नाजूक वस्तू समजले जाते आणि चर्चा गोऱ्यांच्या आत्मशुद्धीभोवती फिरत राहते. या वादात मला मॅक्व्होर्टर यांचे निदान अधिक पटते. पण वर्णभेदाबद्दल बोलायचेच थांबवावे, हा काहींनी त्यातून काढलेला अर्थ पटत नाही.

पद्धतीची बाजू

कालेव, डॉबिन आणि एरिन केली यांनी २००६ मध्ये ७०८ आस्थापनांच्या तीन दशकांच्या नोंदी तपासल्या. व्यवस्थापनात गोऱ्या स्त्रियांचे आणि कृष्णवर्णीयांचे प्रमाण वाढवण्यात सर्वांत प्रभावी ठरली ती जबाबदारी निश्चित करणारी व्यवस्था: एखादी समिती, एखादा अधिकारी, ज्याला आकड्यांबद्दल जाब विचारला जातो. एमिलिओ कॅस्टिया यांनी एका मोठ्या कंपनीत पाहिले की कामाला सारखेच गुण मिळूनही कृष्णवर्णीयांना पगारवाढ कमी मिळत होती. कंपनीने पगारवाढीच्या निर्णयांवर देखरेख समिती नेमली आणि वरिष्ठांना आपापल्या विभागाचे आकडे दाखवले, तेव्हा ही तफावत मिटली. इथे कोणाचे मन बदलले का, हे ठाऊक नाही. वाढ ठरवताना कारण द्यावे लागेल हे मात्र प्रत्येकाला कळले होते.

म्हणजे पद्धत बदलली की झाले, असे नव्हे. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क शहरात अर्जावरचा 'गुन्ह्याची नोंद आहे का' हा रकाना काढून टाकण्यात आला. कृष्णवर्णीयांना संधी मिळावी हाच त्याचा हेतू होता. अमांडा ॲगन आणि सोंजा स्टार यांनी बदलाच्या आधी आणि नंतर अर्ज पाठवून पाहिले, तेव्हा रकाना काढावा लागलेल्या कंपन्यांत गोऱ्यांना आधी ७ टक्के अधिक प्रतिसाद मिळत होता, नंतर ४३ टक्के. माहिती काढून घेतल्यावर मालकांनी अंदाजावर भिस्त ठेवली आणि अंदाज वर्णावरून बांधला. पद्धतीचा पुरस्कार करणाऱ्यांनी हा निष्कर्ष समोर ठेवूनच बोलायला हवे. मनातला पूर्वग्रह शाबूत असेल तर तो नियमातली फट शोधतो. म्हणून मन आणि पद्धत यांची पूर्ण फारकत करता येत नाही. फरक एवढाच की पद्धतीचा परिणाम मोजता येतो आणि ती फसली तर दुरुस्त करता येते.

साथ देणाऱ्यांचे स्थान

मग अन्याय ज्याच्या वाट्याला येत नाही अशा सहकाऱ्याने काय करावे? 'अलायशिप' या नावाने गेल्या काही वर्षांत याच प्रश्नाची चर्चा होते आहे. टोरांटोतल्या यॉर्क विद्यापीठात केरी कावाकामी आणि सहकाऱ्यांनी केलेला, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग इथे बारकाईने पाहण्यासारखा आहे. खोलीत तिघे बसलेले: प्रयोगात सामील एक गोरा, एक कृष्णवर्णीय, आणि खरा सहभागी, जो कृष्णवर्णीय नाही. कृष्णवर्णीय माणूस फोन आणायला उठतो, त्याचा गोऱ्याच्या गुडघ्याला हलका धक्का लागतो. तो बाहेर गेल्यावर गोरा काहीच बोलत नाही, किंवा वर्णद्वेषी शेरा मारतो, किंवा थेट शिवी देतो. नंतर सहभागीला विचारले जाते की पुढच्या कामासाठी जोडीदार म्हणून कोण हवा. हा प्रसंग ज्यांना नुसता वाचायला किंवा पाहायला दिला, त्यांनी आपल्याला संताप येईल आणि असा जोडीदार आपण नाकारू, असे सांगितले. प्रत्यक्ष खोलीत बसलेल्यांना फारसा त्रास झाल्याचे दिसले नाही आणि त्यांच्यातल्या अर्ध्याहून अधिक जणांनी शेरा मारणाऱ्या गोऱ्यालाच निवडले.

आपण वेळेला बोलू, या आपल्याच भाकितावर विश्वास ठेवता येत नाही, हा याचा अर्थ. दुसऱ्या बाजूला, जे बोलतात त्यांच्या बोलण्याचा परिणाम होतो. केव्हिन मंगर यांनी ट्विटरवर वर्णद्वेषी शिवी वापरणाऱ्यांना बनावट खात्यांवरून हटकले. अनेक अनुयायी असलेल्या गोऱ्या पुरुषाच्या खात्यावरून हटकल्यावर शिवीचा वापर लक्षणीय घटला. इतर खात्यांवरून तसा परिणाम दिसला नाही. डेव्हिड हेकमन आणि सहकाऱ्यांना असे आढळले की विविधतेचा आग्रह धरणाऱ्या स्त्रिया आणि अश्वेत अधिकारी यांचे मूल्यांकन खाली येते, गोऱ्या पुरुषांना तशी किंमत मोजावी लागत नाही. ज्याला बोलण्याची किंमत कमी मोजावी लागते त्याच्या शब्दाला वजन जास्त, ही परिस्थिती अन्यायाचीच आहे. पण तोवर ते वजन वापरणे हे कर्तव्य ठरते. टीकाकार इथे कायदेपंडित डेरिक बेल यांच्या १९८० च्या सिद्धान्ताकडे बोट दाखवतात: गोऱ्यांचे हित जुळते तेवढ्यापुरतीच कृष्णवर्णीयांची प्रगती होते. २०२० नंतर दिलेली वचने ज्या वेगाने मागे घेतली गेली, ते पाहता बेल यांना खोटे ठरवणे कठीण आहे. म्हणूनच साथ ही केवळ भावना न राहता मुलाखतीच्या प्रश्नावलीत, बढतीच्या बैठकीत, कोणाच्या नावाची शिफारस होते यात उतरावी लागते.

विरोधकांचे म्हणणे

विरोध एकाच प्रकारचा नाही. पहिला प्रवाह म्हणतो की कायद्याने वर्णाकडे पाहूच नये. २९ जून २०२३ रोजी हार्वर्ड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशातील वर्णाचा विचार घटनाबाह्य ठरवला, तो याच भूमिकेतून. जून २०२५ मध्ये नोकरीतील भेदाच्या एम्स खटल्यात, बहुसंख्य समूहातील तक्रारदाराकडून अधिक पुरावा मागता येणार नाही, असा निकाल एकमताने लागला, आणि तो लिहिला न्यायमूर्ती केतनजी ब्राऊन जॅक्सन यांनी. व्यक्तीला व्यक्ती म्हणून तोलावे, या तत्त्वाचे नैतिक बळ नाकारता येत नाही. अडचण अशी की क्लाइन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात अर्जदाराला व्यक्ती म्हणून तोलले गेलेच नाही. ती तफावत शोधायची तर आकडे वर्णानुसार मांडावेच लागतात. दुसरा प्रवाह डावीकडचा आहे. राज्यशास्त्रज्ञ ॲडॉल्फ रीड यांच्या मते वरच्या पदांवरची विविधता वाढल्याने तळच्या कामगाराचे वेतन वाढत नाही, वर्गाचा प्रश्न झाकला जातो. यात तथ्य आहे. परंतु पेजर यांचे उमेदवार साध्या, कमी पगाराच्या नोकऱ्यांसाठीच फिरत होते; तिथे वर्ग आणि वर्ण एकाच दारात उभे होते.

जातीचा प्रश्न

मराठी वाचकाचा या चर्चेशी जुना संबंध आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामीतून कृष्णवर्णीयांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. आज हा प्रश्न अमेरिकेतल्या भारतीयांच्या कार्यालयांत पोहोचला आहे. जून २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सरकारी यंत्रणेने एका दलित अभियंत्याच्या तक्रारीवरून सिस्कोवर खटला भरला. कंपनीने आरोप नाकारले आणि २०२३ मध्ये दोन व्यवस्थापकांवरील आरोप यंत्रणेने मागे घेतले. फेब्रुवारी २०२३ मध्ये, पुण्यात जन्मलेल्या नगरसेविका क्षमा सावंत यांच्या ठरावाने सिअ‍ॅटल हे जातिभेदाला स्पष्ट बंदी करणारे अमेरिकेतले पहिले शहर ठरले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाचे तशाच आशयाचे विधेयक, सध्याचा कायदा पुरेसा आहे असे सांगत, गव्हर्नर न्यूसम यांनी परत पाठवले. विरोधी हिंदू संघटनांचे म्हणणे आहे की जातीचे नाव घेतल्याने एका अल्पसंख्य समाजाकडे आधीच संशयाने पाहिले जाते. ही भीती खोटी नाही. मात्र आडनाव, गाव आणि आहार विचारून जात काढणे कसे चालते, हे आपल्याला सांगावे लागत नाही. कायद्यात शब्द नसला तर तक्रारदाराला आधी जात म्हणजे काय हेच पटवून द्यावे लागते. प्रमाण किती, हे मात्र अनिश्चित आहे: दलित हक्कांसाठी काम करणाऱ्या इक्वॅलिटी लॅब्स या संस्थेच्या ऐच्छिक सर्वेक्षणात दोन तृतीयांश दलितांनी कामावर अन्याय झाल्याचे सांगितले, तर कार्नेगी संस्थेच्या २०२० च्या पाहणीत सर्व भारतीय अमेरिकनांपैकी सुमारे ५ टक्क्यांनी जातिभेद अनुभवल्याचे नोंदवले. दोन्हींचा नमुना आणि प्रश्न वेगळे असल्याने त्यांची थेट तुलना होत नाही.

अनिर्णित राहिलेले

२१ जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प यांनी १९६५ चा ११२४६ क्रमांकाचा आदेश रद्द केला आणि एप्रिलमध्ये, परिणामावरून भेद ठरवण्याच्या ग्रिग्ज तत्त्वाची अंमलबजावणी शक्य तिथे बाजूला ठेवण्याचे निर्देश सरकारी खात्यांना दिले. १९९१ च्या नागरी हक्क कायद्यात ते तत्त्व समाविष्ट असल्याने खासगी दावे अजून चालू शकतात. पण आकडे गोळा करणारी आणि जाब विचारणारी सरकारी यंत्रणा मागे हटली तर पुरावा कोण जमवणार? अर्ज छाननीचे काम आता संगणकीय प्रणालींकडे जाते आहे आणि तिथल्या अटी ड्यूक पॉवरच्या चाचण्यांइतक्याही उघड नसतात. अर्थतज्ज्ञ कॉनराड मिलर यांना २०१७ च्या अभ्यासात असे दिसले होते की सरकारी कंत्राट संपून बंधन उठल्यानंतरही त्या आस्थापनांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण वाढतच राहिले, बहुधा उमेदवार पारखण्याच्या सुधारलेल्या पद्धती कंपन्यांनी सोडल्या नाहीत म्हणून. तेव्हा मात्र कंत्राट गेले तरी नियम देशात शिल्लक होता आणि पुन्हा कंत्राट मिळण्याची आशाही होती. आता नियमच उठला आहे. त्या पद्धती अशा स्थितीतही टिकतात का, हे कंपन्यांच्या येत्या काही वर्षांच्या भरतीतूनच कळेल.